बाहुलीचा झगा आणि वाढदिवसाचा केक

इतिहास म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे किल्ले उभे राहतात. शहापूरकराला विचारा, तो माहुलीकडे बोट दाखवील आणि १६३६ साली शहाजीराजांनी याच गडावर मोगल व आदिलशाही फौजांशी अखेरची झुंज दिली, हे अभिमानाने सांगेल. मुरबाडकराला विचारा, तो सिद्धगडाकडे नेईल आणि २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल तेथे कसे धारातीर्थी पडले, हे सांगेल. हा इतिहास थोर आहे, त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि पुढेही लिहिले जाईल. परंतु या दोन तालुक्यांत आमच्या धर्मसेवेची जी काही वर्षे गेली, त्यांनी आम्हांस आणखी एका इतिहासाची ओळख करून दिली. त्याला तट नाहीत, बुरूज नाहीत आणि शिलालेख तर नाहीच. तो मुलांसाठी घरी केलेल्या केकचा आणि बाहुलीसाठी विणलेल्या लोकरीच्या झग्याचा इतिहास आहे.

वाचक हसतील. एकेकाळी आम्हीही हसलो होतो, आणि ते हसणे आम्हांस पुढे कसे बोचले, हे योग्य ठिकाणी सांगूच. तत्पूर्वी ज्या मुलांसाठी या वस्तू तयार होत, त्यांच्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे.

एक जूनची मुले

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील कोणत्याही शाळेचा जुना दाखलेवजा रजिस्टर उघडून पाहा. पानामागून पाने एकच जन्मतारीख दिसेल: १ जून. जूनमध्ये शाळा उघडायची. आईबाप मुलाला हाताला धरून आणायचे. गुरुजी विचारायचे, "जन्म कधीचा?" उत्तर मिळायचे, "भात लावणीच्या वेळचा," किंवा "बहात्तरच्या दुष्काळात पोटात होता," किंवा "धरणाचं काम चाललं होतं तव्हाचा." गुरुजी मुलाकडे एकवार पाहत, मनाशी वय ठरवीत आणि तितकी वर्षे वजा करून १ जून लिहून टाकीत. त्यांत गुरुजींचा दोष नव्हता. दाखला अडू नये म्हणून केलेली ती सोय होती. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा देशाच्या संसदेने केला तोच १९६९ साली, आणि कायदा झाला म्हणून डोंगराआडच्या कातकरी, ठाकूर वा वारली पाड्यावर जन्मलेले मूल दुसऱ्या दिवशी नोंदवहीत आले, असे झाले नाही.

येथे आम्हां धर्मगुरूंना थोडा गर्व वाटण्याजोगे काही आहे. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली धर्मग्रामांत नोंदवह्या ठेवण्याचा दंडक घातला आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने त्यांचे नमुने आखून दिले. म्हणून आमच्या वसईकडच्या शेतकऱ्याला आपल्या आज्याच्या आज्याचा स्नानसंस्कार कधी झाला, हे सांगता येते. परंतु शहापूर-मुरबाडच्या रानातली बहुसंख्य मुले त्या वहीत नव्हती. ती आमच्या धर्माची नव्हती. आमच्या धर्मभगिनींच्या वसतिगृहात ती शिकायला येत, आमच्या अंगणात खेळत, पण आमच्या वहीत त्यांचा दिवस नव्हता आणि सरकारच्या वहीत होता तो खरा नव्हता.

आणखी एक गंमत अशी की, १ जूनला वसतिगृह बंद असते! मुले सुटीत आपापल्या पाड्यांवर असतात. म्हणजे कागदावरचा का होईना, जो वाढदिवस होता तोही या मुलांच्या वाट्याला कधी येत नसे.

वाढदिवस आणि ख्रिस्तसभा

खरे तर वाढदिवस साजरा करण्याविषयी आरंभीची ख्रिस्तसभा उत्सुक नव्हती. तिसऱ्या शतकातील पंडित ओरिजन याने दाखवून दिले आहे की, पवित्र शास्त्रात वाढदिवसाची मेजवानी देणारे भेटतात ते फारो आणि हेरोद. पहिल्याच्या मेजवानीत आचाऱ्याला फाशी झाली आणि दुसऱ्याच्या मेजवानीत योहान बाप्तिस्ता याचे शिर तबकात आले. ख्रिस्ती माणसाचा खरा जन्मदिवस म्हणजे तो स्वर्गात जन्मतो तो, अर्थात त्याच्या मृत्यूचा दिवस, अशी तेव्हाची दृष्टी होती. म्हणूनच संतांचे सण बहुधा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी येतात. रोमन पंचांगात जन्माचे सण तीनच: २५ डिसेंबर प्रभूचा, ८ सप्टेंबर पवित्र मरियेचा आणि २४ जून योहान बाप्तिस्त्याचा. ही शेवटची तारीख वाचकांनी ध्यानात ठेवावी.

वाढदिवसाच्या केकवर मेणबत्त्या लावण्याची चाल जर्मन भूमीतली. १७४६ साली काउंट झिंझेनडॉर्फ या धर्मपुढाऱ्याच्या वाढदिवशी वयाच्या वर्षांइतक्या मेणबत्त्या खोचलेला भलामोठा केक मांडला होता, असा उल्लेख सापडतो. पुढे ही रीत मुलांच्या वाढदिवसाशी जडली आणि इंग्रजांमार्फत जगभर गेली. आपल्याकडे मात्र दिवा विझविणे अशुभ. मराठी आई वाढदिवशी पाटावर बसवून औक्षण करते, दिवा फुंकत नाही. आमच्या वसतिगृहातील सिस्टरांनी यांतून छान वाट काढली होती. केकभोवती पणत्या लावायच्या आणि त्या आपोआप शांत होईपर्यंत तेवू द्यायच्या. तेल संपेपर्यंत मुली गाणी म्हणत.

केक आमच्या मुलखात कसा आला

पोर्तुगीजांनी १५३४ साली वसई घेतली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. या दोनशे पाच वर्षांत उत्तर कोकणच्या स्वयंपाकघरांत आणि शिवणाच्या डब्यांत पुष्कळ काही शिरले. शब्दच त्याचे साक्षीदार आहेत. पाव, परात, इस्त्री, फीत, गुंडीचे काज हे सारे शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आले आणि इतके मुरले की कोणाला परके वाटत नाहीत. गोव्यात सासरी निघालेल्या मुलीबरोबर 'बोल' नावाचा नारळ-गुळाचा केक पाठवितात. पोर्तुगीज भाषेत केकला 'बोलो' म्हणतात. बदामाचे मार्झिपान आपल्याकडे आले तेव्हा बदाम महाग पडले, आणि पोर्तुगीजांनीच ब्राझीलमधून आणलेल्या काजूने त्यांची जागा घेतली. त्याची साच्यांतून काढलेली फुले, फळे आणि मासे मुले आधी डोळ्यांनी खातात आणि मग तोंडाने.

परंतु केक ही वस्तू सर्वस्वी परकी होती, असेही म्हणता येत नाही. दक्षिण कोकणात पावसाळी काकडीचा 'धोंडस' करतात. तांदळाचा रवा, गूळ आणि काकडीचा कीस पातेल्यात घालून खाली विस्तव व वर झाकणावर निखारे ठेवायचे. हा केक नव्हे तर काय? आमच्या वसईच्या घरी नाताळचा केक याच रीतीने होत असे. जाड बुडाच्या पातेल्यात बोटभर वाळू पसरून ती तापवायची, तीवर केकचा डबा ठेवायचा, झाकण लावून झाकणावर निखारे पसरायचे. वाळू उष्णता सगळीकडे सारखी पोहोचविते, त्यामुळे बूड करपत नाही. वरच्या निखाऱ्यांनी वरचा पापुद्रा धरतो. त्या काळी भट्टी ज्याच्याजवळ असे तो पाववाला. घरच्या बाईजवळ वाळू आणि निखारे असत, आणि तेवढ्यांवर तिचे काम भागे.

केक फुगतो तो हवेने. पूर्वी ही हवा अंडी फेटून घालावी लागे आणि आमच्या आईचा हात त्या कामी अर्धा तास चाले. १८४३ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने बेकिंग पावडर तयार केली. त्याच्या पत्नीला यीस्ट आणि अंडी सोसत नसत, तिला फुगलेली भाकरी खाता यावी म्हणून हा खटाटोप. जगातल्या कोट्यवधी केकांना फुगविणाऱ्या या चिमूटभर पांढऱ्या पुडीचा उगम एका घरातल्या मायेत आहे, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

शहापूर तालुक्यात केकचा वास बहुधा आगगाडीने आणला असावा. १८५३ साली मुंबईहून ठाण्यास गाडी आली. १८६१ साली ती आसनगाव ओलांडून कसाऱ्यास पोहोचली आणि १८६५ साली थळ घाट चढून इगतपुरीला गेली. कल्याण आणि इगतपुरी येथे रेल्वेच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांत अँग्लो-इंडियन होते, गोवेकर होते, आणि नाताळला त्यांच्या घरांतून केक होत असत. मुरबाड आगगाडीच्या वाटेवर पडले नाही, त्यामुळे तेथे पुष्कळ गोष्टी उशिरा पोहोचल्या.

पुढची कामगिरी प्रेशर कुकरने केली. १९५९ च्या सुमारास तो आपल्या देशात तयार होऊ लागला. शिट्टी काढून, पाणी न घालता, तळाशी वाळू किंवा मीठ पसरून त्यात केक भाजण्याची युक्ती कोणी शोधली कोण जाणे, पण मराठी मध्यमवर्गीय घरांत ती वणव्यासारखी पसरली. मागाहून काचेची खिडकी असलेला गोल अॅल्युमिनियमचा विजेचा ओव्हन आला. १९७० साली प्रसिद्ध झालेले कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' घरोघर गेले आणि पाककृती आईकडून मुलीकडे तोंडीच जायला हवी, असे राहिले नाही.

केकला आकार देणे हीदेखील नवी गोष्ट नव्हे. मध्य युरोपातील कॅथोलिक घरांत ईस्टरला कोकराच्या आकाराचा केक दोन तुकड्यांच्या मातीच्या साच्यात भाजतात. तो देवाच्या कोकराचे प्रतीक. फ्रान्समध्ये नाताळला लाकडाच्या ओंडक्याचा केक असतो. १९८० साली ऑस्ट्रेलियात एका महिला साप्ताहिकाने मुलांच्या वाढदिवसाच्या केकांचे पुस्तक काढले. त्याच्या मुखपृष्ठावर आगगाडीचा केक होता आणि तेथील मुलांच्या एका पिढीचे बालपण त्या पुस्तकाची पाने उलटण्यात गेले. आपल्याकडेही संक्रांतीला बोरन्हाणाच्या वेळी लेकराला हलव्याचे दागिने घालतात, पाडव्याला साखरेच्या गाठी देतात. खाण्याच्या वस्तूला खेळण्याचे रूप द्यावे आणि ते मुलाच्या हाती ठेवावे, ही बुद्धी सर्व देशांतल्या आयांना सुचलेली आहे.

सुया, लोकर आणि बाहुली

विणकामाची गोष्ट थोडी निराळी. मुरबाड तालुक्यात लोकर म्हणजे घोंगडी. पौष पौर्णिमेला म्हसा येथे जत्रा भरते, तेथे बैल आणि घोंगड्या यांचा मोठा बाजार असतो. पावसात शेतावर डोक्यावरून घेतलेली ती काळी घोंगडी आमच्या शेतकऱ्याचे छत्र. पण ती मागावरची. दोन सुयांवर टाके घालून विणण्याची कला परदेशातून आली, आणि मुख्यतः धर्मप्रसारकांच्या स्त्रिया व धर्मभगिनी यांनी एकोणिसाव्या शतकात मुलींच्या शाळांतून ती रुजविली.

युरोपात ही कला त्याहून पुष्कळ जुनी. जर्मनीतील बुक्स्टेहूड येथल्या मठासाठी इ. स. १४०० च्या सुमारास चितारलेल्या वेदीचित्रात पवित्र मरिया सुयांवर बाळयेशूसाठी अंगरखा विणताना दाखविली आहे. बाळ जवळच पुस्तक घेऊन पहुडले आहे. तेवढ्यात दोन देवदूत येतात. त्यांच्या हाती क्रूस आहे, भाला आहे. अंगरखा गोल विणला जात आहे, त्याला शिवण नाही. वधस्तंभाखाली शिपायांनी ज्याच्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, तो बिनशिवणीचा अंगरखा चित्रकाराच्या मनात होता, हे उघड आहे. आईच्या हातातल्या टाक्यांत लेकराचे पुढचे सारे आयुष्य गुंफलेले असते, हे इतक्या साधेपणाने सांगणारे दुसरे चित्र आम्हांस ठाऊक नाही.

कोकणच्या दमट हवेत लोकरीचा उपयोग तो काय? थंडी दोन महिन्यांची. त्यामुळे ठाणे जिल्ह्यात हातविणीची लोकर मोठ्या माणसांच्या अंगावर फारशी चढली नाही. ती तान्ह्यांकडे गेली. कुंची, झबले आणि टोपडे यांच्या जोडीला लोकरीचे टोपरे व पायमोजे आले. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या स्त्रियांनी सैनिकांसाठी मोजे व गळपट्टे विणले. ठाणे शहरात १९२५ पासून रेमंडची लोकरीची गिरणी होती, परंतु तिचे कापड आमच्या रानापर्यंत क्वचितच आले. जी लोकर आली ती उसवलेल्या जुन्या स्वेटरांची. सिस्टर तो स्वेटर उसवीत, लोकरीची लडी करून धूत, ओलसर असतानाच वजन बांधून टांगीत, म्हणजे तिच्या वेलांट्या जाऊन ती सरळ होई. एका फाटक्या स्वेटरातून बाहुल्यांचे कितीतरी झगे निघत.

आणि बाहुलीचा झगा ही शिकण्याची फार उत्तम पाटी आहे. सुईवर छत्तीस टाके घालावेत, बारा सुया सुलट विणाव्यात. मग दोन-दोन टाके एकत्र विणून अठरा करावेत, की कंबर आली. पुढे काही ओळी सरळ, बाहीसाठी जागा सोडायची, गळ्याशी टाके बंद करायचे आणि एक गुंडी लावायची. चुकले तर तासाभराचे काम उसवते, महिन्याचे नव्हे. टाके मोजताना मुलीला बेरीज-वजाबाकी येते. निम्मे करताना भागाकार येतो. शाळेत गणितात मागे पडलेल्या मुली सुयांवर गणित शिकल्याचे आम्ही या डोळ्यांनी पाहिले आहे.

याला शिक्षणशास्त्राचाही आधार आहे. बालोद्यानाचा जनक फ्रेडरिक फ्रोबेल याने मुलासाठी जी क्रमवार साधने योजली, त्यांतले पहिलेच साधन म्हणजे लोकरीने विणलेले सहा रंगांचे मऊ चेंडू. पंडिता रमाबाई अमेरिकेत असताना फिलाडेल्फियात हे शिक्षणतंत्र शिकल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले गेले ते ही शिदोरी बरोबर घेऊनच. पुढे आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या सोबतीने आदिवासी मुलांसाठी बालवाड्या उभारल्या. महागडी परदेशी साधने परवडत नाहीत, मग बिया, शंख, माती, पाने, चिंध्या यांतून साधने करावीत, हा त्यांचा मार्ग. डहाणू तालुक्यातले कोसबाड २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेले असले, तरी तेथून निघालेला 'अंगणवाडी' हा शब्द आज शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक पाड्यावर आहे.

बाहुलीला वस्त्र नेसविणे हा केवळ पोरखेळ आहे काय? प्राग शहरातील बाळयेशूची मूर्ती अवघी ४७ सेंटिमीटर उंचीची आहे. १६२८ साली एका सरदार घराण्यातील स्त्रीने ती कार्मेलाइट मठवासीयांना दिली. तिच्या वस्त्रांचा मोठा संग्रह आहे. त्यांतील हिरव्या मखमलीचा झगा सम्राज्ञी मारिया तेरेसा हिने १७४३ साली आपल्या हाताने भरतकाम करून दिला, अशी परंपरा आहे. दर फेब्रुवारीत नाशिक रोडच्या बाळयेशूच्या यात्रेला मुंबईकडून जाणाऱ्या गाड्या शहापूरवरूनच जातात. त्या छोट्याशा मूर्तीचा झगा पाहून ज्यांचे हात जोडले जातात, त्यांनी मुलीच्या हातातील बाहुलीच्या झग्याला क्षुल्लक म्हणू नये.

आमची चूक

आता आमच्या हसण्याविषयी. पंचवीसएक वर्षांमागची गोष्ट. सेमिनरीतून बाहेर पडून आम्हांस फार काळ झाला नव्हता आणि डोक्यात पुस्तके गच्च भरलेली होती. वसतिगृहाच्या हिशेबात मैदा, साखर, लोणी आणि 'मारी बिस्किटे' अशी खर्चाची बाब दिसली, तेव्हा आम्ही विचारणा केली. सिस्टर म्हणाल्या, "फादर, चोवीस जूनला मुलींचा वाढदिवस असतो."

"सगळ्यांचा एकदम?"

"शाळेत सगळ्या एक जूनच्या. एक जूनला त्या इथे नसतात. चोवीसला संत योहानाचा जन्मदिवस, शाळा उघडलेली असते, म्हणून आम्ही तो धरला."

आम्ही हसलो. आदिवासी मुलींना केक कापायला शिकविणे म्हणजे पाश्चात्त्यांचे अनुकरण, लोकरीच्या बाहुल्या म्हणजे वेळेचा अपव्यय, त्याऐवजी तेवढ्या पैशांत वह्या घ्याव्यात, असे बरेच काही आम्ही बोललो. सिस्टरांनी ऐकून घेतले. "यंदाचे सामान आणलेले आहे, फादर, एवढे होऊ द्या," इतकेच त्या म्हणाल्या.

चोवीस जूनला आम्हांस बोलावणे आले. बाहेर पाऊस कोसळत होता. जेवणघरातल्या लांब मेजावर कसारा लोकल उभी होती! बिस्किटांच्या पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून भाजलेले केक कापून, जांभळाच्या मुरंब्याने एकमेकांना जोडून डबे केले होते. मारी बिस्किटांची चाके, साखरफुटाण्यांच्या खिडक्या, आणि पुढच्या पाटीवर साखरेच्या पांढऱ्या रेघेने 'कसारा' असे लिहिले होते. अर्ध्या मैद्याच्या जागी नाचणीचे पीठ होते, म्हणून गाडीचा रंग खऱ्या गाडीसारखाच मळकट होता. त्या मुलींपैकी कित्येकींचे आईबाप वीटभट्टीच्या कामासाठी दिवाळीनंतर घर सोडून जात. गाडी त्यांना ओळखीची होती. ती माणसांना नेते, हे त्यांना ठाऊक होते. त्या दिवशी ती गाडी त्यांच्यासाठी आली होती.

पहिल्या वर्षी आलेल्या प्रत्येक लहान मुलीला एक चिंध्यांची बाहुली मिळाली. अंगावर मोठ्या मुलींनी विणलेला लोकरीचा झगा. सहा-सात वर्षांची एक पोर बाहुली छातीशी धरून आमच्याजवळ आली. आमच्याकडे एक मोठी वही असते आणि तीत जन्म लिहितात, हे तिने कोणाकडून तरी ऐकले होते. ती म्हणाली, "फादर, हिचा जन्म आजचा हाये. तुमच्या वहीत लिवा."

आम्ही काय बोलणार? ती स्वतःचा दिवस मागत नव्हती. तो नसतो, हे तिने गृहीत धरले होते. पण बाहुलीचा दिवस बुडू नये, याची तिला काळजी होती. ती वही स्नानसंस्काराची, तीत बाहुलीचे नाव लिहिता येत नाही. आम्ही आमच्या रोजनिशीत ते लिहिले: बाहुलीचे नाव, तारीख २४ जून, आणि त्यापुढे त्या मुलीचे नाव. सिस्टरांना मात्र आम्ही त्या दिवशी "चुकलो" असे म्हटले नाही. ते काही वर्षांनी त्यांच्या बदलीच्या वेळी म्हटले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हिशेबाच्या वहीत पुढच्या वर्षी तुम्ही लोण्याचे पैसे वाढवून दिले होते, फादर. तेव्हाच कळले."

आजचे दिवस

आज शहापूरच्या बाजारपेठेत आणि मुरबाडच्या नाक्यावर केकची दुकाने आहेत. मलईचे केक मिळतात, मुलाचे छायाचित्र छापलेलेही मिळतात. जन्मनोंदणी बहुतेक दवाखान्यातच होते, त्यामुळे एक जूनच्या मुलांची संख्या घटत चालली आहे, ही आनंदाची गोष्ट. प्लास्टिकची बाहुली जत्रेत स्वस्तात मिळते आणि तिचे कपडे अंगालाच चिकटविलेले असतात. दुकानातून केक आणणाऱ्या आईला आम्ही दोष देणार नाही. पहाटेची गाडी पकडून कामाला जाणारी बाई संध्याकाळी निखारे कुठे फुंकीत बसणार? तिने विकत आणलेला केकही तिच्या घामाचाच आहे.

तथापि एक गोष्ट आम्हांस सलते. घरी केलेला केक जरा वाकडा झाला, तर आज आयांना त्याची लाज वाटू लागली आहे. लेकराच्या मित्रांसमोर तो मांडावा की नाही, असा विचार त्या करतात. २०२० साली टाळेबंदीत दुकाने बंद पडली, तेव्हा याच आयांनी कुकर आणि कढया काढल्या आणि घरोघर केक झाले. काहींनी त्यातून पुढे छोटा व्यवसायही उभारला. म्हणजे हात विसरलेले नव्हते. हातांना कोणी विचारीत नव्हते, इतकेच.

जुन्या करारात हन्नाची कथा आहे. देवाला दिलेल्या वचनाप्रमाणे तिने आपला लहानगा शमुवेल मंदिरात सोडला. पुढे ती दरवर्षी त्याच्यासाठी एक छोटा झगा करून नेत असे. शास्त्रकाराने शमुवेलाच्या पुढच्या मोठ्या कार्यांबरोबर आईच्या या झग्याचीही नोंद ठेविली आहे. आम्हांस नेहमी वाटते, वर्षभर न पाहिलेल्या मुलाचे माप तिला कसे कळत असेल? मनाशी वाढ मोजूनच ती शिवत असणार. वाढदिवसाचा खरा अर्थ याहून वेगळा तो काय? कोणीतरी आपली वाढ मोजते आहे, आपण नसतानाही मोजते आहे, हे मुलाला कळणे.

तेव्हा धर्मग्रामातील कुटुंबांना आमची विनंती इतकीच. घरात ज्या आजीला सुया धरता येतात, तिच्याजवळ नातीला बसवा आणि छत्तीस टाके घालू द्या. वाळूच्या पातेल्यातला केक तुमच्या आईने कसा केला, ते तिच्या तोंडून ऐकून लिहून ठेवा. त्यासोबत तिचे नाव आणि साल लिहा, कारण अशा कामाखाली कोणी सही करीत नाही आणि म्हणून ते इतिहासात जात नाही. आणि २४ जून जवळ आला, की आपल्या आळीत, आपल्या शाळेत, वीटभट्टीवर ज्या पोराला स्वतःचा दिवस ठाऊक नाही, ते शोधून काढा.

ती रोजनिशी आमच्यापाशी अजून आहे. त्या मुलीचे लग्न झाले, तिला मूल झाले, आणि त्याचा जन्मदाखला तिने आम्हांस मुद्दाम आणून दाखविला. तारीख खरी होती. सोबत एक पिशवी होती, तीत लोकरीचा लहानसा झगा होता. आम्ही विचारले, "बाळाला का?" ती म्हणाली, "न्हाय फादर, बाहुलीला. बाळ मोठं झालं की लागंल."